बॅटरी भरलेली, सेल्फ मात्र गप्प

लहान एटीव्ही, म्हणजे रेती-चिखलात चालणारी उघडी चारचाकी, विकत घेताना लोक रंग बघतात, टायर बघतात, पोरं किती बसतील ते बघतात. किक आहे का, हे कुणी बघत नाही. बहुतेक गाड्यांना ती नसतेच. आमच्या ११० सीसीच्या गाडीलाही नाही. गिअर म्हणजे पुढे, न्यूट्रल आणि मागे एवढंच, क्लच आपोआप लागणारा. त्यामुळे मोटरसायकलसारखी ढकलत नेऊन, गिअरमध्ये टाकून चालू करायचीही सोय नाही. इंजिन फिरल्याशिवाय हा क्लच धरत नाही, आणि क्लचने धरल्याशिवाय चाकं इंजिनाला फिरवू शकत नाहीत. सेल्फ गेला की गाडी जागच्या जागी बसली.

नागावला आमची नारळ-सुपारीची वाडी आणि रस्त्याच्या अंगाला पाहुण्यांसाठी खोल्या. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, तेव्हापासून मुंबईकर स्वतःच्या गाडीसकट उतरतात, आणि त्यांच्या पोरांना समुद्राच्या आधी आमची ही चारचाकी दिसते. पाहुणे असले की मुलांना वाडीत फेऱ्या, नसले की मागे छोटी ट्रॉली लावून नारळ, झावळ्या आणि शेणखत. पावसाळाभर ती पडवीत ताडपत्रीखाली उभी असते. नवरात्रात ताडपत्री काढली, खंडेनवमीच्या पूजेला लावायची म्हणून धुतली, पुसली, चावी फिरवून बटण दाबलं. काही नाही. टक् नाही, घरघर नाही.

पाखाडीतला मेकॅनिक त्याच वेळी पंपाचा पट्टा मागायला आला होता. त्याने लांबूनच निकाल दिला, “दादा, बॅटरी बसली. नवीन टाका, हजार-बाराशेत काम होईल.” त्याचं फारसं चुकलं असं नाही. पावसाळ्यानंतर दहातल्या सात-आठ गाड्यांना तेच झालेलं असतं. पण या गाडीला पासिंग नाही, जवळपास सर्व्हिस सेंटर नाही, आणि पार्ट मागवला तर तो येईपर्यंत दिवाळीचे पाहुणे येऊन जातात. पंप आणि वाडीची वायरिंग मीच बघतो, त्यामुळे मीटर घरात असतं. म्हटलं, आधी मोजू, मग पाकीट काढू.

सेल्फच्या तक्रारीत पहिली गोष्ट कानाने तपासायची. बटण दाबल्यावर पूर्ण शांतता असेल तर करंट रिलेपर्यंतच, म्हणजे मोटरला करंट जोडून देणाऱ्या स्विचपर्यंतच, पोचत नाही: फ्यूज, चावीचा स्विच, बटण, नाहीतर ब्रेकचा स्विच. एकच ‘टक्’ आला आणि पुढे काही नाही, तर रिले ओढतोय पण मोटरला पुरेसा करंट मिळत नाही, किंवा मोटर जाम आहे. ‘टक-टक-टक-टक’ असा भराभर आवाज आला तर बहुतेक वेळा बॅटरीच उतरलेली: रिले ओढतो, व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, व्होल्टेज चढतं, पुन्हा ओढतो. आणि मोटर आतल्या आत सुसाट फिरतेय पण इंजिन हलत नाही, तर मोटरची फिरकी इंजिनाला देणारा वन-वे क्लच झिजला. आमच्याकडे शांतता होती. तरीही बॅटरीपासूनच सुरुवात केली, कारण ती अर्धवट भरलेली असेल तर पुढचं एकही रीडिंग धड मिळत नाही.

सीट उचलली. १२ व्होल्टची, ५ अँपियर-अवरची छोटी बॅटरी, मीटरवर १२.१. ही काही मेलेली बॅटरी नव्हे, पण अर्ध्याच्या आसपास उतरलेली नक्की. एक अँपियरच्या चार्जरवर रात्रभर लावली. सकाळी चार्जर काढून लगेच मोजू नये, तेव्हा आकडा फुगलेला येतो. दोन-तीन तास तशीच ठेवून मोजली तेव्हा १२.७. चांगल्या बॅटरीने १२.६ ते १२.८ दाखवावं, म्हणजे हे उत्तमच.

परत जोडली, चावी फिरवली, बटण दाबलं. पुन्हा शांतता. भाचा दसऱ्याच्या सुट्टीला आला होता, तो म्हणाला, “मामा, फ्यूज उडालाय.” मी म्हटलं, अरे, चावी फिरवल्यावर न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतोय ना? मुख्य फ्यूज गेला असता तर तो दिवाही लागला नसता. तरी त्याच्या समाधानासाठी फ्यूज काढून बघितला. धड होता. पण त्याच्या पायांवर पांढरी-हिरवी भुकटी चढलेली होती. ती खरवडून काढली, तेवढा त्याच्या शंकेचा फायदा. फ्यूज धड आणि चावीचा स्विचही धड, कारण दिवा लागतोय. आता उरलं काय?

हँडलवरचा लाल किल स्विच आणि मागच्या बाजूची पोर पडलं तर ओढायची दोरी, या दोघांवर पुष्कळांचा संशय जातो. काही गाड्यांत ते सेल्फलाही अडवतात. आमच्या गाडीत दोन्ही फक्त स्पार्क बंद करतात, सेल्फला हात लावत नाहीत. गेल्या वर्षी एका पाहुण्याच्या मुलाने दोरी ओढून ठेवलेली, तेव्हा सेल्फ फिरत होता आणि गाडी चालू होत नव्हती, म्हणून हे पक्कं ठाऊक. सेल्फला अडवते ती इथे दुसरीच गोष्ट: डावा ब्रेक. मुलांच्या गाड्यांत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, अशी योजना असते. चावीतून आलेली काळी वायर ब्रेक लीव्हरच्या स्विचमध्ये जाते. तिथून पुढे एक फाटा मागच्या ब्रेकच्या दिव्याला आणि दुसरा सेल्फच्या बटणाला.

म्हणजे मीटरचीही गरज नाही. भाच्याला मागे उभं केलं, ब्रेक दाबला. “दिवा लागला का रे?” “नाही.” बल्ब काढून बॅटरीवर धरला, तो पेटतोय. मग दोषी तोच स्विच. लीव्हरच्या बुडाशी करंगळीच्या पेराएवढा काळा डबा, त्यातून बाहेर आलेली एक बारीक कळ. लीव्हर सोडलेला असताना ती आत दाबलेली असते आणि लीव्हर दाबला की बाहेर यायला हवी. आमची आतच अडकून बसली होती. तिच्याभोवती मीठ आणि रेती यांचा दगडासारखा थर जमला होता. पोरं ओल्या रेतीतून, लाटेच्या काठाकाठाने गाडी नेतात. नळीने वरवर पाणी मारलं तरी लीव्हरच्या आतलं मीठ तसंच राहतं.

स्विचच्या दोन वायरींचा प्लग सोडवला आणि वायरच्या तुकड्याने दोन टोकं जोडली. मागचा दिवा लागला. बटण दाबलं. टक्!

फक्त टक्. मोटर हलली नाही.

मेकॅनिक संध्याकाळी पट्टा परत करायला आला, तेव्हा मी त्याला जोडलेली वायर दाखवली. तो म्हणाला, “हे असंच डायरेक्ट करून टाका. स्विच परत खराब होणारच.” इथे माझं त्याच्याशी पटत नाही. या गाडीचा गिअर पुढे पडलेला असेल, पोराचा अंगठा थ्रॉटलवर असेल, आणि कुणी बटण दाबलं, तर गाडी चालू होता होताच उडी मारते. ब्रेकचा स्विच त्याच्यासाठी आहे. तपासताना वायर जोडायची, काम झालं की काढायची. स्विच मी खोलून पेट्रोलने धुतला, कळ मोकळी केली आणि परत बसवला. तो अजून चालतोय. नवीन मागवून ठेवलाय, कारण आतले पत्रे काळे पडलेत.

आता ‘टक्’कडे. एकावर एक दोन बिघाड असले की माणसाचा तपास इथे घसरतो. पहिला सापडला की वाटतं, आता झालं. दुसरा तसाच उभा असतो, आणि मग पहिल्या दुरुस्तीवरच संशय यायला लागतो. मेकॅनिक परत बॅटरीवर आला. “बघा, टक् वाजतंय, म्हणजे बॅटरी लोड घेत नाही.” त्याच्या म्हणण्यात तथ्य असतं, म्हणून ते तपासायचं ठरवलं. मीटर बॅटरीच्या दोन टोकांना धरलं आणि भाच्याला बटण दाबायला सांगितलं. १२.७ वरून आकडा १२.४ वर आला आणि तिथेच थांबला.

सगळ्या प्रकरणातला खरा आकडा हाच. बॅटरी कमजोर असती तर सेल्फ लागताच व्होल्टेज दहाच्या खाली, कधी सात-आठवर आपटलं असतं. मोटर आतून जाम असती तरी तेच, उलट जास्तच, कारण अडकलेली मोटर प्रचंड करंट ओढते. इथे बॅटरी जवळजवळ हललीच नाही. म्हणजे तिच्याकडे कुणी काही मागतच नव्हतं. करंट वाटेत कुठेतरी अडत होता. मेकॅनिकला तरी खात्री हवी होती. त्याने स्वतःच्या स्कूटरची बॅटरी काढून लावली. टक्. तीच शांतता. मग त्याने बॅटरीचा विषय सोडला आणि रिले धरला.

रिले तपासणं सोपं. त्याला दोन जाड टोकं असतात, एकावर बॅटरीकडून आलेली जाड वायर, दुसऱ्यावर मोटरकडे जाणारी. शिवाय दोन बारीक वायरी, बटणाकडून येणारी एक आणि अर्थची हिरवी. बारीक वायरींत करंट आला की आतली चकती जाड टोकांना जोडते, त्याचाच टक् आवाज. आवाज आला म्हणजे चकती हलली; पण ती जळलेली असेल तर हलूनही जोडत नाही. म्हणून दोन जाड टोकं स्क्रू-ड्रायव्हरने बाहेरून जोडून बघतात. हे करण्याआधी गिअर न्यूट्रलला आहे हे डोळ्यांनी बघायचं, मागची चाकं ठोकळ्यावर उचलायची आणि पेट्रोलचा वास येत नाही ना हे नाकाने तपासायचं. ठिणगी मोठी उडते. दांड्याला रबर असलेला जाड स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, आणि तो खराब होईल हे गृहीत धरायचं.

जोडला. ठिणगी उडाली, पण किरकोळ. मोटर गप्पच. रिले निर्दोष. त्याला वळसा घालूनही मोटर फिरत नसेल तर नवा रिले काय करणार? मेकॅनिकने आता मोटर खोलायला पाना हातात घेतला. मी म्हटलं, थांब, आणखी दोन आकडे घेऊ.

हा भाग मला सगळ्यांत आवडतो, आणि गॅरेजमध्ये तो जवळजवळ कुणी करत नाही. व्होल्टेज नुसतं असून भागत नाही, करंट वाहत असताना ते कुठे सांडतं ते बघावं लागतं. वाडीतल्या पाइपात गाळ भरलेला असतो तेव्हा नळ बंद असताना दाब पूर्ण दिसतो. नळ सोडला की करंगळीएवढी धार. वायरीचंही तसंच. म्हणून मोजायचं ते वायरीच्या दोन टोकांमधलं, आणि तेही बटण दाबलेलं असताना. वायर चांगली असेल तर तिच्या दोन टोकांत फरक जवळजवळ शून्य यायला हवा. मोठ्या करंटमध्ये पाव-अर्धा व्होल्ट चालतो, त्याहून जास्त नको.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. आधी धन बाजू: एक टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवर, वायरीच्या चापावर नव्हे, कारण खराबी चाप आणि खुंटी यांच्या मध्येही असू शकते. दुसरं टोक मोटरच्या बोल्टवर. “दाब.” ०.१. म्हणजे बॅटरीच्या प्लसपासून रिलेतून मोटरपर्यंत सगळी वाट साफ. आता ऋण बाजू: एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या ॲल्युमिनियमवर, रंग खरवडून. “दाब.”

११.१.

मेकॅनिकने मीटर हातात घेऊन पुन्हा करून बघितलं. तेच. हिशेब सरळ आहे. बॅटरीचे १२.४, त्यातले ०.१ प्लसच्या वाटेत गेले, ११.१ अर्थच्या वाटेत सांडले, मोटरच्या वाट्याला आला जेमतेम सव्वा व्होल्ट. तेवढ्यात ती मोटर काय, खेळण्यातला पंखासुद्धा नीट फिरणार नाही. मोटरला वेगळी मायनस वायर नसते. तिचं पत्र्याचं अंग इंजिनाला चिकटलेलं असतं आणि इंजिनाकडून एक जाड वायर बॅटरीच्या मायनसला येते. ती वायर गेली की मोटर उपाशी. आणि दिवे मात्र लख्ख लागतात, कारण दिव्यांची अर्थ वेगळ्या बारीक हिरव्या वायरीतून थेट बॅटरीला येते. त्यामुळेच सगळ्यांची दिशाभूल होते: ‘लाइट तर मस्त लागतायत!’

त्या हिरव्या वायरीने आणखी एक पुरावा दिला. भाचा बटण दाबून धरत होता तेव्हा माझा हात वायरिंगच्या गुच्छावर होता. हिरव्या वायरीचा प्लग कोमट लागला. जाड वाट बंद झाल्यावर मोटरचा करंट चासीतून या बारीक वायरीने परतायची धडपड करत होता. असं बराच वेळ चालू दिलं असतं तर प्लगचं प्लास्टिक वितळलं असतं. चालू गाडीत दिवे मंद होणं, वायरिंगला वास येणं, क्लचची किंवा थ्रॉटलची केबल गरम लागणं, यामागे पुष्कळदा अर्थच असते, आणि लोक वर्षभर बॅटऱ्या बदलत राहतात.

जाड अर्थ वायर वरून अगदी ठणठणीत दिसत होती. काळं आवरण गुळगुळीत, बॅटरीकडचं टोक चकचकीत. इंजिनाकडे ती एका बोल्टखाली जाते, तिथे गेल्या हंगामातली रेती आणि तेलाचं कीट साचलं होतं. बॅटरीची मायनस आधी सोडली. हा क्रम पाळावाच: काढताना मायनस पहिली, लावताना मायनस शेवटी. मायनस जोडलेली असताना प्लसचा नट सोडवायला गेलात आणि पाना चासीला लागला तर तो तिथेच चिकटतो. मग इंजिनाकडचा बोल्ट काढला. वायरीचं टोक हातात घेऊन लगच्या, म्हणजे टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या, जरा वर चिमटीत दाबलं, तर आत कुरकुर आवाज झाला, जाड मिठाची पुडी दाबल्यावर येतो तसला. ब्लेडने आवरण उभं चिरलं. तांब्याच्या जागी काळपट हिरवी भुकटी. ती झटकल्यावर मोजून तीन-चार तारा लगपर्यंत पोचत होत्या, बाकीच्या मध्येच संपल्या होत्या. खारं पाणी लगमधून शिरून तारांच्या फटींतून वर चढतं आणि आवरणाच्या आत राहून त्यांना खात बसतं. बाहेरून काहीही कळत नाही.

नवी वायर अलिबागला ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडून आणली. दुकानात एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्यावी. स्वस्त बॅटरी वायर बाहेरून तांब्याची दिसते, पण तार कापून टोक बघितलं तर आत पांढरी: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. खाऱ्या हवेत तिचं पीठ व्हायला एक पावसाळा पुरतो. दुकानदाराने आधी तीच काढली होती. मी कापून बघितल्यावर काही न बोलता दुसरी काढली. दोन्ही टोकांना टिनचे लग दाबून घेतले, वर आतून गोंद सुटणारी स्लीव्ह गरम करून बसवली. पैसे गेले ते बॅटरीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी.

इंजिनावरची बोल्टची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, बोल्टच्या आट्याही ब्रशने साफ केल्या, घट्ट बसवलं आणि मग वरून व्हॅसलीनचा जाड थर दिला. व्हॅसलीन आधी आत भरून मग बोल्ट आवळणारेही असतात. मला कोरडा धातू धातूला टेकलेला बरा वाटतो, बाहेरून झाकण म्हणून व्हॅसलीन. बॅटरी जोडली, बटण दाबलं.

मोटर फिरली. पण झोपेतून उठल्यासारखी, घुर्र... घुर्र... पुन्हा मीटर. अर्थच्या बाजूला आता ०.२, प्लसच्या बाजूला ०.३, आणि बॅटरी १०.६ वर येत होती. म्हणजे आता बॅटरीकडून करंट मनसोक्त ओढला जात होता, वाटेत सांडणंही थांबलं होतं. जड होती ती मोटर स्वतः. आता मात्र मेकॅनिकचा पाना योग्य जागी होता.

आमच्या इंजिनात सेल्फ मोटर वरच्या बाजूला आहे, दोन बोल्टांवर. काही इंजिनांत ती खाली असते आणि चिखल जास्त खाते. ती उतरवताना मेकॅनिकने सवयीने हातोडी उचलली, तेवढी मी थांबवली. ट्रकच्या सेल्फला हातोडीचा ठोका चालत असेल. या छोट्या मोटरींत आत लोहचुंबकाचे तुकडे पत्र्याला चिकटवलेले असतात, एक तुटला की मोटर टाकून द्यायची. मागच्या झाकणाची आणि अंगाची जुळती रेघ मार्करने आखून घेतली, मग खोलली. आत कार्बनची काळी भुकटी आणि त्यात, अर्थातच, रेती. कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे छोटे ठोकळे, अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक होते, पण एक त्याच्या खाचेत घट्ट बसला होता, स्प्रिंग त्याला पुढे ढकलूच शकत नव्हती. तो मोकळा केला. कॉम्युटेटरवर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात त्या गोल भागावर, काळा थर होता, तो बारीक पॉलिश पेपरच्या पट्टीने हलकेच घासला आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटी सुईने साफ केल्या. त्या फटींत कार्बन भरला की शेजारच्या पट्ट्या एकमेकींशी बोलायला लागतात. बंद करताना सगळ्यांत जास्त वेळ गेला तो दोन्ही कार्बन मागे धरून झाकण सरकवण्यात. शेवटी दाढीच्या ब्लेडच्या पाकिटाचा पुठ्ठा कापून त्याच्या चिमटीने जमलं. रबराची गोल रिंग चपटी झाली होती, ती बदलली. मोटर इंजिनाला जिथे टेकते तो कडाही घासून साफ केला, कारण मोटरची अर्थ तिथूनच जाते, आणि नव्या जाड वायरीचा उपयोग त्या कड्यावर रंग किंवा गंज असेल तर शून्य.

यानंतर बटण दाबल्यावर इंजिन पहिल्याच घासात गरगर फिरलं. चालू मात्र झालं नाही, पण ती निराळी भानगड. टाकीत जूनपासूनचं पेट्रोल होतं, त्यात आता इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत, ते ओल धरतं. कार्ब्युरेटर उतरवून जेट फुंकली, टाकी रिकामी करून ताजं भरलं, चोक ओढला आणि गाडी खोकत चालू झाली. पूजेला ती उशिराच उभी राहिली. आईने तोवर कोयता, पंप आणि शिलाई मशीनची पूजा आटपली होती. “तुझ्या गाडीला वेगळा मुहूर्त लागतो,” एवढंच म्हणाली.

इंजिन चालू असताना बॅटरीवर जरा रेस देऊन मोजलं: १४.१. चार्जिंग साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान हवं, त्यामुळे त्या बाजूची काळजी नाही. बाराच्या घरातच राहिलं असतं तर रेक्टिफायरकडे, म्हणजे इंजिनाची वीज बॅटरीजोगी करणाऱ्या डब्याकडे, जावं लागलं असतं, आणि चार दिवसांनी पुन्हा हीच शांतता ऐकू आली असती.

मेकॅनिकने जाताना मीटर कितीला मिळतं ते विचारलं. त्याच्याकडे एक स्कूटर आहे, गेल्या वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या तरी सेल्फ कधी घेते, कधी नाही. मी म्हटलं, आधी अर्थ बघ, इंजिनाकडचं टोक चिमटीत दाबून. तो म्हणाला, बघतो, पण मीटर दोन दिवस द्या.

भाच्याने वाडीत चक्कर मारून आल्यावर नवी तक्रार आणली: रिव्हर्स टाकल्यावर लाल दिवा लागत नाही. बल्ब की गिअरखालचा स्विच, ते मीटर परत आल्यावर बघायचंय.